आठ वर्षं अडकलेला शेअर, धरून ठेवायचा की तोट्यात विकून मोकळं व्हायचं (लॉस बुक करायचा)?

मिरजकर: जानेवारी 2018 ला एका छोट्या कास्टिंग कंपनीचे 500 शेअर 212 ने घेतले, नाव लिहीत नाही. मार्च 2020 ला 41 बघितला तरी हलवला नाही, आज 149 आहे. दर शुक्रवारी भाव वहीत लिहितो, दोन वह्या भरल्या. घरचे म्हणतात काढून टाक, पण कंपनी नफ्यात आहे, दुसरी भट्टी सुरू झालीये, कर्ज कमी होतंय. मग मी का विकू? माझं मत ठाम आहे, धंदा चालू आहे तोवर धीर धरायचा.

सायली ठाणे: दादा, धीर वेगळा आणि अडकून पडणं वेगळं. तुमचे 1,06,000 गेले, साडेसहा टक्क्यांनी एफडीत असते तरी आज पावणेदोन लाखाच्या आसपास झाले असते आणि तुमच्या हातात आहेत 74,500. निफ्टी, म्हणजे मोठ्या 50 कंपन्यांचा निर्देशांक, तेव्हा 11,000 च्या आसपास होता, तो दुपटीच्या वर गेला. हे नुकसान वहीत दिसत नाही म्हणून ते झालंच नाही असं नाही ना!

मिरजकर: ताई, रिलायन्स बघा. जानेवारी 2008 च्या टॉपला ज्याने घेतला त्याला बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) धरूनही तो भाव परत बघायला 2017 उजाडलं. नऊ वर्षं. त्या काळात बराच पैसा जिओत ओतला जात होता, भाव जागचा हलत नव्हता, आणि वैतागून 2016 ला जे बाहेर पडले त्यांच्या डोळ्यांदेखत पुढची तेजी गेली.

सायली ठाणे: आणि सुझलॉन? पवनचक्क्या बनवणारी आपल्या पुण्याचीच कंपनी. 2008 च्या सुरुवातीला 400 च्या वर होता, जर्मनीची रीपॉवर ही पवनचक्की कंपनी घ्यायला काढलेलं कर्ज अंगावर आलं आणि मार्च 2020 ला दोन रुपयांच्या आसपास. 2024 ला 80 च्या वर गेला म्हणून लोक नाचले, पण 400 वाला अजून तिथेच बसलाय. तोही धीरच धरत होता.

नाना कोथरूड: दोघंही भावावरच भांडताय. मिरजकर, मला एवढंच सांगा, प्रमोटरचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, शेअर गहाण आहेत का? कोणाकडे किती शेअर आहेत याचा तक्ता (शेअरहोल्डिंग) दर तिमाहीला येतो त्यात लिहिलेलं असतं. आणि नफा कागदावर आहे की कॅश खरंच येतीये? उधारी वाढत असेल तर नफ्याला काही अर्थ नाही. मी एका कंपनीत हेच न बघता सहा वर्षं काढली, फार त्रास झाला. आणि विकायचंच असेल तर इन्कम टॅक्समध्ये लॉंग टर्म लॉस (वर्षाहून जास्त धरलेल्या शेअरचा तोटा) फक्त लॉंग टर्म गेनमधूनच वजा होतो, पुढची आठ वर्षं ओढता येतो, रिटर्न मात्र वेळेत भरा.

सायली ठाणे: नाना, पटलं. पण एक प्रश्न राहतोच, आज हातात 74,500 रोख असते तर दादांनी हाच शेअर घेतला असता का?

मिरजकर: खरं सांगतो ताई, सगळ्या पैशांचा नसता घेतला, अर्ध्या पैशांचा घेतला असता. नाना, गहाण आत्ता बघितलं, शून्य आहे. उधारी मात्र वाढलीये, आधी 60 दिवसांत पैसे यायचे ते आता 95. हे मी बघितलंच नव्हतं. 250 शेअर सोमवारी काढतो, उरलेले पुढच्या दोन तिमाही रिझल्टपर्यंत ठेवतो, आणि आता वहीत भावाऐवजी उधारीचे दिवस लिहीन.