आसाई पावडर, गोजी, ब्लूबेरी : दावे करताना डोस कुणी मोजला का?

नीरक्षीर
"रोज एक चमचा आसाई पावडर, चिमूटभर गोजी आणि चार ब्लूबेरी. विषद्रव्यं बाहेर, चरबी वितळते, विसरभोळेपणा थांबतो." काल फिरत आलेली ही पोस्ट (आसाई म्हणजे ब्राझीलकडचं जांभळं फळ, गोजी म्हणजे चीनची लाल बेरी), आणि तिच्याखाली पुरावा म्हणून ओरॅकचा, म्हणजे पदार्थाची अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या चाचणीचा तक्ता. ओरॅकचे आकडे परीक्षानळीतले आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली ओरॅक यादी २०१२ मध्येच काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता आणि माल खपवायला त्यांचा सर्रास गैरवापर होत होता. फळं खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते, ती बरीचशी फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक आम्लाने. बेरींना निळा-जांभळा रंग देणारं अँथोसायनिन मूळ रूपात रक्तात पोचतं ते जेमतेम टक्काभर. चरबी वितळण्याबद्दल तर बोलायलाच नको. आसाईच्या गोळ्यांनी वजन उतरतं अशी खोटी बातमीवजा संकेतस्थळं चालवणाऱ्यांवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०११ मध्ये खटले भरले होते. तेच दावे अजून तोंडपाठ म्हटले जातायत, याची चीड येते.

सायली_आहार
ओरॅक गाडा, हरकत नाही. पण त्याच खड्ड्यात ब्लूबेरी कशाला ढकलताय? "टक्काभर" हा अर्धा हिशोब झाला. अँथोसायनिनचं आतड्यातले जिवाणू आणि यकृत मिळून लहान फिनॉलिक आम्लांत रूपांतर करतात. कार्बन-१३ ची खूण लावून केलेल्या प्रयोगात ही सगळी रूपं धरून शोषण सुमारे १२ टक्के निघालं.

आणि माणसांवरचा पुरावाही आहे. २०१९ ची चाचणी: मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, साखर, रक्तदाब वगैरे एकत्र वाढलेले) असलेले ११५ जण, सहा महिने, रोज २६ ग्रॅम फ्रीझ-ड्राइड ब्लूबेरी पावडर, म्हणजे १५० ग्रॅम ताजं फळ. रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता सुधारली. मात्रा निम्मी केलेल्या गटात ती सुधारली नाही. तेव्हा "चार ब्लूबेरी"ला माझाही विरोधच आहे, पण वाटीभर रोज खाणाऱ्याला वेड्यात काढू नका.

नीरक्षीर
त्याच चाचणीचं मुख्य उद्दिष्ट इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) होतं, त्यात काडीचा फरक पडला नाही. रक्तदाबातही नाही. पैसा काही अंशी ब्लूबेरी उत्पादकांच्या परिषदेचा. हे तिन्ही सोडून फक्त रक्तवाहिन्या सांगणं म्हणजे सोयीचं तेवढं वेचणं. आणि २६ ग्रॅम पावडर म्हणजे चहाचा चमचा ३ ग्रॅमचा धरला तर रोज आठ-नऊ चमचे. डब्यावर लिहिलेलं असतं एक चमचा!

सायली_आहार
पैसा उत्पादकांचा होता तरी नकारात्मक निष्कर्ष लपवले नाहीत, हेही लिहा की. चमच्यांचा हिशोब मात्र बरोबर आहे, तो मान्य.

टोचणी
तुम्ही दोघं ताज्या फळावर भांडताय, लोक खातात भलतंच. सुकवलेली क्रॅनबेरी घ्या. फळ इतकं आंबट की साखरेच्या पाकाशिवाय सहसा कुणी विकत नाही. १०० ग्रॅममध्ये ७० ग्रॅमच्या आसपास साखर, आणि तीच "हेल्दी स्नॅक" म्हणून पोरांच्या डब्यात. रसाचं तेच. पुढच्या बाजूला क्रॅनबेरीचं चित्र आणि मागे घटकांत पहिलं पाणी, दुसरी साखर. गाळलेल्या रसात साल आणि चोथा राहत नाही, आणि अँथोसायनिन मुख्यतः सालीत असतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, एवढं वाचलं तरी पुष्कळ पैसे वाचतील. "सुपरफूड" या शब्दाला पोषणशास्त्रात व्याख्याच नाही. युरोपीय संघात तर २००७ पासून, मान्यताप्राप्त नेमका दावा जोडल्याशिवाय तो पाकिटावर चालत नाही.

उर्मिला
क्रॅनबेरीला सरसकट मोडीत काढणाऱ्यांनी आधी वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या बायकांना विचारावं. वर्षातून तीन-तीन वेळा जळजळ, ताप, अँटिबायोटिक, आणि पुन्हा तेच. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२३ चा आढावा ५० चाचण्यांचा आहे. अशा बायकांत धोका सुमारे २६ टक्के कमी, मुलांत तर घट निम्म्याहून जास्त. बायकांचं दुखणं म्हटलं की "मार्केटिंग" म्हणून हात झटकायचे, ही खोड जुनी आहे.

टोचणी
मी पाकातल्या क्रॅनबेरीबद्दल लिहिलं, बायकांच्या दुखण्याबद्दल एक अक्षर नाही. नसलेला आरोप चिकटवू नका. आणि कॉक्रेनच्याच २०१२ च्या आढाव्यात ठोस फायदा दिसला नव्हता.

उर्मिला
पुरावा वाढला, निष्कर्ष बदलला. आढावे पुन्हा पुन्हा करतात ते त्यासाठीच.

नीरक्षीर
क्रॅनबेरीचं मान्य. पण तेवढंच, आणि त्याच आढाव्यातल्या मर्यादांसकट: वृद्धाश्रमातले वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मज्जासंस्थेच्या विकारामुळे मूत्राशय नीट रिकामं न होणारे रुग्ण, यांच्यात फायदा दिसलेला नाही. शिवाय हा प्रतिबंध आहे, उपचार नाही. संसर्ग झाल्यावर रस पीत बसलं आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले तर प्रकरण हाताबाहेर जातं. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखणं सुरू झालं की ताबडतोब डॉक्टर.

घुसळण
बेरी स्मूदी करणाऱ्यांनी त्यात केळं घालू नये. केळ्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम फ्लॅव्हनॉल (बेरी, कोको यांतली उपयुक्त द्रव्यं) खाऊन टाकतं. २०२३ च्या प्रयोगात केळ्याच्या स्मूदीनंतर रक्तातलं फ्लॅव्हनॉल ८४ टक्के कमी आढळलं. बेरींच्या स्मूदीने घट झाली नाही.

सायली_आहार
प्रयोग फ्लॅव्हॅन-३-ऑलवर (याच फ्लॅव्हनॉलवर) होता, अँथोसायनिनवर नाही. माणसं मोजकीच. आणि केळ्यातलं पोटॅशियम, तंतू कुठे गेले? आता केळ्यालाही वाळीत टाकणार का?

घुसळण
केळं खा, वेगळं खा. ब्लूबेरीत तीही फ्लॅव्हनॉलं असतातच. गोडीसाठी संत्रं, अननस किंवा आंबा घाला, घट्टपणासाठी दही. या सगळ्यांत हे एन्झाइम कमी असतं.

टोचणी
गोठवलेलं केळं वापरलं तर?

घुसळण
गोठवल्याने एन्झाइम मरत नाही, थंडीत फक्त मंदावतं. घुसळताना पेशी फुटल्या आणि तापमान चढलं की पुन्हा जोरात. लिंबाच्या आंबटपणाने त्याचा वेग कमी होतो, पण पूर्ण थांबेल असं धरू नका. आणि एकत्र घुसळलं नाही, तरी दोन्ही एकाच वेळी खाल्ल्यावरही घट दिसली होती, म्हणजे एन्झाइम पोटातही काम करतं.

सायली_आहार
म्हणजे नाश्त्याला स्टॉपवॉच लावून बसायचं? ज्या घरात फळंच खाल्ली जात नाहीत तिथे केळं-बेरी स्मूदी ही कमाई आहे. असल्या बारकाव्यांनी लोक घाबरून पुन्हा बिस्किटांकडे जातात.

घुसळण
मी कुणाला घाबरवलेलं नाही. बेरींसाठी जादा पैसे मोजणाऱ्याला ही माहिती हवी, एवढंच.

नीरक्षीर
केळ्यावर इतका वेळ जातोय आणि जीवावर बेतणारं कुणी लिहीत नाहीये. वॉरफरीन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) घेणाऱ्यांनी गोजीपासून लांब राहावं, चहा, रस, सुका मेवा कुठल्याही रूपात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढून रक्तस्राव झाल्याच्या रुग्णनोंदी आहेत. पोस्टमध्ये याचा उल्लेख नाही, आणि ती पोस्ट वाचणाऱ्यांत हृदयाचे रुग्ण असणारच.

दुसरं, फ्रोझन बेरी. गोठवल्याने विषाणू मरत नाहीत. जर्मनीत २०१२ मध्ये गोठवलेल्या स्ट्रॉबेरींमधून नोरोव्हायरस पसरून सुमारे ११,००० जण आजारी पडले, बहुतेक शाळकरी मुलं. हिपॅटायटिस-एचे उद्रेकही अशाच फळांतून झालेत. गरोदर बाई, वृद्ध किंवा यकृताचा रुग्ण घरात असेल तर मिनिटभर उकळून, गार करून वापरा. क जीवनसत्त्व थोडं जाईल, जाऊ द्या.

सायली_आहार
वॉरफरीनचं शंभर टक्के बरोबर, ते पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. फक्त गोजी निव्वळ थोतांड नाही. ४५ ते ६५ वयाच्या २७ जणांच्या चाचणीत २८ ग्रॅम, आठवड्यातून पाच दिवस, ९० दिवस खाणाऱ्यांच्या डोळ्यातलं मॅक्युलर पिगमेंट (दृष्टिपटलाच्या मध्यभागाचं संरक्षक रंगद्रव्य) वाढलं. गोजीतलं झिआझँथिन हे रंगद्रव्य स्निग्धात विरघळतं, म्हणून जेवणाबरोबर खावं, उपाशीपोटी चहात भिजवून नाही.

नीरक्षीर
पिगमेंट वाढलं, दृष्टी वाचली असं नाही. २७ जणांत ते कळणारही नाही. पण २८ ग्रॅम म्हणजे चिमूटभर नव्हे, एवढं तुमच्या आकड्यातूनच सिद्ध झालं.

उर्मिला
कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी शेवटचं. नुसतं "५०० मिग्रॅ क्रॅनबेरी" वाचून घेऊ नका, पीएसी (प्रोअँथोसायनिडिन, क्रॅनबेरीतला कामाचा घटक) किती ते बघा. बऱ्याच चाचण्यांत रोज ३६ मिग्रॅ पीएसी वापरलंय. तो आकडा डीमॅक पद्धतीने मोजलाय असं लिहिलेलं असेल तरच धरा. इतर पद्धतींत भलतेच पदार्थही मोजले जाऊन आकडा फुगतो. पद्धत छापलेलीच नसेल तर तो डबा परत ठेवा.