दुखणं खरं, पण चिठ्ठी नाही : औषधी कॅनाबिस घेणारा गुन्हेगार का ठरावा?

अर्धविराम (धागा)

केमोनंतरची मळमळ, एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) आखडणारे स्नायू, नसांचं जुनाट दुखणं. यासाठी कॅनाबिसचं, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडाचं, तेल किंवा फुलं घेणारे लोक जगभर आहेत आणि बऱ्याच देशांत ते आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतंही. प्रश्न आहे चिठ्ठीशिवाय घेणाऱ्यांचा. 'मी नशेसाठी थोडंच घेतोय, दुखतंय म्हणून घेतोय' हे म्हणणं माणूस म्हणून मला पटतं. कोर्टात मात्र त्याला फारसं कोणी विचारत नाही.

ब्रिटनमध्ये दुखण्यावर उतारा म्हणून कॅनाबिस बाळगणाऱ्या, पिकवणाऱ्या लोकांनी 'आमचा नाइलाज होता' असा बचाव घेतला. २००५ साली क्वेल खटल्यात अपील न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षी अमेरिकेत रेच खटला झाला. कॅलिफोर्नियाने १९९६ पासून रुग्णांना मुभा दिली होती, तरी केंद्राचा कायदा त्यावर भारी पडतो असं सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं. खटला लढवणाऱ्या रेचबाई खरोखर आजारी होत्या, त्यावर कोणाचा वाद नव्हता.

तर माझं मत: चिठ्ठी हातात येईपर्यंत विकत घेऊ नये. बोला.

तिरकस

म्हणजे आजारी माणसाने सरकारी वेळापत्रकानुसार दुखून घ्यावं. छान!

अहो, चिठ्ठी मिळते कुठे? ब्रिटनने १ नोव्हेंबर २०१८ ला औषधी कॅनाबिसला परवानगी दिली म्हणून केवढा गाजावाजा झाला. पण चिठ्ठी सुरू करणार कोण, तर फक्त स्पेशालिस्टांच्या नोंदणीत असलेला डॉक्टर. फॅमिली डॉक्टरला तो अधिकार नाही. सरकारी दवाखान्यांतून ती इतक्या थोड्यांना मिळते की बाकीच्यांनी खासगी क्लिनिकचे पैसे मोजायचे. ज्याच्याकडे पैसे तो रुग्ण, ज्याच्याकडे नाहीत तो आरोपी. बाटलीतलं तेल तेच.

आणि जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणूस २५ ग्रॅम खिशात घेऊन राजरोस फिरतो, त्याला कोणी चिठ्ठी विचारत नाही. मग नेमका गुन्हा कशात आहे, ते तरी सांगा.

कलमबहाद्दर

वकिली करते, म्हणून थोडं लांबण लावते. कंटाळा आला तर पुढे जा.

जर्मनीचं अर्धंच सांगितलंत. २५ ग्रॅम *बाळगायला* मुभा आहे. ते मिळवायचे रस्ते दोन: घरी तीन रोपांपर्यंत लावा किंवा बिगर-नफा क्लबचे सभासद व्हा. कोपऱ्यावरच्या माणसाकडून विकत घेणं तिथेही बेकायदाच आहे. औषधाच्या दुकानातलं औषधी कॅनाबिस आजही चिठ्ठीवरच मिळतं, फक्त ती चिठ्ठी आता अमली पदार्थांची खास चिठ्ठी राहिली नाही, साधी झाली.

दुसरं, लोक 'घेतलं' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट असते. कायद्याच्या डोक्यात तीन-चार असतात. परदेशी वेबसाइटवरून बाटली मागवली, ती झाली आयात. पार्सल घरी आलं, तो झाला ताबा. त्यातलं थोडं शेजारच्या आजीच्या गुडघ्यांसाठी दिलं, एक पैसा न घेता दिलं, तरी तो पुरवठा. ब्रिटनमध्ये ताब्याला कमाल पाच वर्षं, पुरवठ्याला आणि आयातीला चौदा. प्रत्यक्षात पहिल्याच वेळी एवढी शिक्षा कोणाला होत नाही, हे मान्य. पण आरोपपत्रावर कुठलं कलम लागेल हे तुम्ही ठरवत नाही.

आणि ज्याचा कोणी विचारच करत नाही ते म्हणजे गाडी चालवणं. इंग्लंडमध्ये मार्च २०१५ पासून रक्तात टीएचसीची (कॅनाबिसमधल्या नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा लिटरला दोन मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे जवळजवळ नाहीच. चिठ्ठी असेल, सांगितल्याप्रमाणे औषध घेतलं असेल आणि गाडी नीट चालवत असाल, तर कायद्यातच बचाव लिहून ठेवलाय. चिठ्ठी नसेल तर तेच तेल, तोच डोस, तेच रक्त, आणि लायसन्स गेलं.

धूमकेतू

चिठ्ठी, चिठ्ठी काय लावलंय? बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर आठवते का? तिच्या वकिलांनी ॲरिझोनातल्या डॉक्टरचं शिफारसपत्र कोर्टात दाखवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात व्हेपची काडतुसं सापडली होती, तेल एक ग्रॅमपेक्षाही कमी. ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा. डिसेंबरात कैद्यांची अदलाबदल झाली म्हणून सुटली. कागद असून नऊ वर्षं, तर कागदाचा उपयोग काय?

कलमबहाद्दर

@धूमकेतू, उदाहरण चांगलं आहे, निष्कर्ष चुकला. कागद जिथला, तिथेच चालतो. कॅनडाने २०१८ मध्ये सगळंच खुलं केलं, पण सीमेवरून कॅनाबिस नेणं-आणणं गुन्हाच ठेवलं, औषध म्हणून असलं तरी. सिंगापूर तर आपल्या नागरिकाने परदेशात, जिथे चालतं तिथे, सेवन केलं तरी पकडतं. आता चिठ्ठीवाल्याची ही गत, तर बिनचिठ्ठीवाल्याची कल्पना करा.

तिरकस

म्हणजे सीमेच्या अलीकडे रुग्ण, पलीकडे तस्कर. माझाच मुद्दा तुम्ही मांडताय, आभारी आहे.

खलबत्ता

फार्मासिस्ट आहे. कोर्टाचं मला कळत नाही, बाटलीचं कळतं. 'हे नुसतं सीबीडी आहे, नशा नाही, मग गुन्हा कसला' असं म्हणत घेणारे बरेच असतात; सीबीडी म्हणजे कॅनाबिसमधला नशा न आणणारा घटक. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली. लेबलावरचा आकडा फक्त २६ बाटल्यांत जुळला आणि १८ मध्ये टीएचसी निघालं. म्हणजे तुम्ही सीबीडी म्हणून घेतलेल्या बाटलीत बंदी असलेला पदार्थ असू शकतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. त्यात सीबीडी वॉरफरिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि हे तेल गुपचूप चालू असेल, तर डॉक्टरला काही कळायच्या आत रक्तस्राव. चोरून घेतलेलं औषध लोक डॉक्टरपासूनही चोरतात, हे मी काउंटरवर बघितलंय.

तिरकस

मग लेबल खोटं लावणाऱ्याला धरा ना! फसलेल्या गिऱ्हाइकाला कशाला धरता?

कलमबहाद्दर

धरायला हवंच. पण गिऱ्हाईक तक्रार करायला जाणार कुठे? 'मी बेकायदा घेतलेला माल भेसळीचा निघाला' म्हणून? तिथेच त्याचे हात बांधले जातात.

शिवाय 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करणं प्रत्येक कायद्यात सारखं सोपं नसतं. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात ताबा सिद्ध झाला की बाकीचं कोर्ट गृहीत धरू शकतं, खुलासा आरोपीने द्यायचा. त्याच कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं आणि बिया वगळल्यात, म्हणून पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. बाटलीत पानाचा अर्क आहे की फुलाचा, हे कागदावरून कळतं. कागद नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तुम्ही कुठे बसलेले असाल, ते सांगायला नको.

सांजवात

मी आतापर्यंत वाचतच होते. मावशीला एमएस आहे. रात्री दोनच्या सुमारास तिची पोटरी दगडासारखी होते, बोट रुतत नाही. मी आणि काका आळीपाळीने पाय धरून सरळ करतो, तेव्हा ती उशी तोंडात धरते. डॉक्टरांकडे हा विषय काढला, तर त्यांनी फाइल मिटली आणि 'असलं काही वाचत जाऊ नका' म्हणाले. मावशी म्हणते, मला जेलची भीती घालू नका, मला रात्रीची भीती वाटते. तुमच्यातल्या कोणाकडे तिच्यासाठी उत्तर आहे का?

अर्धविराम

नाही. धागा काढताना माझ्या डोळ्यांपुढे असा माणूस नव्हता, असं मात्र समजू नका.

कलमबहाद्दर

सांजवात, दोन गोष्टी. 'कॅनाबिस' असा शब्द न काढता औषधाचं नाव घेऊन विचारा. एमएसमधल्या आखडण्यासाठी नॅबिक्सिमॉल्सचा (कॅनाबिसपासूनच बनलेल्या औषधाचा) तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये २०१० पासून मान्य आहे. बऱ्याच डॉक्टरांना गांजाचं नाव खटकतं, परवानाप्राप्त औषधाचं खटकत नाही. तुमच्या देशात ते नसेल तर क्लिनिकल ट्रायल चालू आहे का, तेही विचारा. आणि निदान, आधी घेतलेली औषधं, त्यांनी फरक न पडल्याच्या नोंदी, सगळं लेखी ठेवा. निर्दोष सुटायला त्याचा उपयोग नाही. पण इंग्लंडच्या शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत निदान झालेल्या आजारासाठी घेणं हे शिक्षा सौम्य करणारं कारण म्हणून नोंदलेलं आहे.

तिरकस

'सौम्य शिक्षा'. रुग्णाला द्यायचा हाच दिलासा!

धूमकेतू

आणि नियम तरी कुठे स्थिर आहेत? थायलंडने जून २०२२ मध्ये कॅनाबिस अमली पदार्थांच्या यादीतून काढलं, जून २०२५ मध्ये फुलांना पुन्हा चिठ्ठी आणली. जाण्याआधी ताजा नियम बघा, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राचं ऐकू नका.

सांजवात

नाव लिहून घेतलं. सोमवारी दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टची वेळ आहे. तेही नाही म्हणाले, तर इथे परत भांडायला येईन.

तिरकस

या. मी तुमच्या बाजूने भांडतो.