कारण काय, तर ‘शॉर्ट सर्किट’. तुमच्याकडे खरं काय निघालं?

कुठेही आग लागली की दुसऱ्या दिवशी कारण ठरलेलं : शॉर्ट सर्किट. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला १० नवजात बाळं गेली, तेव्हाही आधी हेच कानावर आलं. तेवढ्यावर चौकशी थांबते, याचा मला फार त्रास होतो. शॉर्ट होण्याआधी काय बिघडलं होतं? तुमच्या घरी, दुकानात, शेतात कोणी शोधून काढलं असेल तर तपशिलात लिहा.

डोंबिवली : आमच्या सोसायटीची मीटररूम जळाली. इमारत जुनी, मेन केबल तेव्हाचीच, आणि आता घरोघरी एसी. सगळे शॉर्ट सर्किट म्हणून मोकळे झाले. आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी मात्र जळका बसबार, म्हणजे वीज वाटून देणारी धातूची पट्टी, काढून दाखवला. नट सैल होता. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, म्हणून एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. जोड मात्र तापत राहतो, वायरीचं आवरण वितळतं आणि मग वायरी एकमेकींना चिकटतात. शॉर्ट झालंच, पण सगळ्यात शेवटी. आता दर उन्हाळ्याआधी सगळे जोड आवळून घेतो.

नाशिक, भाड्याचं घर : २००० वॅटचा गीझर, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. बसवलेला ६ अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणून सॉकेट जळालं! घरमालक अजून शॉर्ट सर्किटच म्हणतात.

शिरोळ तालुका : आमचा ऊस खरोखरच शॉर्ट सर्किटने पेटला. पण तारा लोंबत होत्या म्हणून. वाऱ्याने एकमेकींना लागल्या, ठिणग्या पाचटात पडल्या. जळका ऊस लगेच तोडावा लागतो, वजन घटतं, वर कारखान्याची कपात. वर्षभर राबलेलं डोळ्यांदेखत जातं हो. तारा ओढून घ्या म्हणून वडिलांनी आधीच अर्ज दिला होता आणि त्याची पोच जपून ठेवली होती, त्यावरच भरपाईचं प्रकरण उभं राहिलं. शेतकरी बांधवांनो, तोंडी सांगू नका. पोच घ्या, आणि आग लागलीच तर पंचनाम्यासोबत विद्युत निरीक्षकाचा अहवालही मागा.

पुणे : डोंबिवलीच्या ताई, आरसीसीबी बसवली तर सैल जोड कळतो का?

डोंबिवली : नाही हो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी करंट गळायला लागला की पडते, शॉक लागला तर जीव वाचवते. ती बसवाच. पण सैल जोड तिलाही कळत नाही. तो माणसानेच बोर्ड उघडून, मेन बंद करून तपासायचा.