मदत हवी आहे: बाहेरची दुरुस्ती करून घर विकू की आहे तसंच?

वाळवंटी
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. गोव्यातलं कौलारू घर विकायचं आहे. आतून ठीक आहे, बाहेरचं काम राहिलंय. मागचा गडगा, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांचं कुंपण, चारेक मीटर कोसळला. पश्चिमेची भिंत हिरवी पडलीय, गिलावा फुगून सुटतोय. पत्र्याची पन्हळ एका टोकाला निखळलीय. बाल्कांवचा, म्हणजे दारापुढच्या व्हरांड्याचा, एक सोपा (बसायचा कट्टा) तडकलाय. गिऱ्हाईक दोनदा बघून गेलं. आता म्हणतात, हे सगळं करून द्या, नाहीतर ७ लाख कमी करा. गवंड्याने रंगासकट १ लाख ८० हजार सांगितलेत. रविवारपर्यंत कळवायचंय. करून देऊ की किंमत उतरवू? ज्यांनी स्वतः घर विकलंय त्यांनी सांगा, लवकर.

चिरेबंदी
गाव कुठलं? गडगा नुसता रचलेला की सिमेंटमध्ये बांधलेला? उंची किती? पलीकडची जमीन तुमच्यापेक्षा वर आहे का? चिरे कुठल्या बाजूला पडले? एवढं कळल्याशिवाय १ लाख ८० हजार जास्त की कमी ते कसं सांगणार?

पर्वरी_२१
काहीही करू नका. मी २०२२ मध्ये बार्देशातलं आजोळचं घर आहे तसं विकलं, अर्ध्या छपराला ताडपत्री होती. घेणारे दिल्लीचे. त्यांना जुनी भिंत, जुनं बाल्कांव हेच हवं असतं, रंग ते त्यांच्या पसंतीचा देतात. तुम्ही केलेलं काम ते उखडून टाकतील. हे गिऱ्हाईक सोडा, दुसरं बघा.

वाळवंटी
डिचोली तालुका. इथे समुद्र नाही, दिल्लीवाले रांग लावून उभे नाहीत. घेणारे साखळीचे, स्वतः राहायला घेतायत. गडगा चिऱ्यांचा, खाली रचलेला, वर दोन थर मागाहून सिमेंटने लावलेले. छातीएवढा उंच. पलीकडे शेजाऱ्याचं कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे, आमच्यापेक्षा हातभर वर. चिरे आमच्या अंगणात पडले.

फोंड्याची_शुभा
वाळवंटीभाऊ, रंग द्याच. आमचं घर दीड वर्ष पडून होतं, कुणी ढुंकून बघत नव्हतं. बाहेरून रंग दिला, फाटकाला तेलरंग दिला, तुळशीवृंदावन चुन्याने सारवलं, महिन्याभरात व्यवहार ठरला. माणूस फाटकातून आत येतो तेव्हाच मन बनवतो.

चिरेबंदी
शुभाताई, तुम्ही रंग कुठल्या महिन्यात दिलात?

फोंड्याची_शुभा
डिसेंबरात.

चिरेबंदी
तेच. आता जुलै चाललाय. चिऱ्याची भिंत आत्ता स्पंजसारखी भरलेली असते. त्यावर रंग दिला तर पाणी आत कोंडतं आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. वाळवंटीभाऊ, भिंतीवर सिमेंटचा गिलावा आहे ना? जुन्या चिऱ्यांना चुन्याचा गिलावा असायचा, त्यातून भिंत श्वास घेते. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, म्हणून तो फुगतो. नखाने टोकरून बघा, मागून लाल ओला भुगा निघेल. पाऊस गेला की सुटलेला भाग काढायचा, महिनाभर वाळू द्यायचं, मग चुना. आत्ता फक्त पन्हळ. भिंत हिरवी त्या पन्हळीमुळेच झालीय, छपराचं सगळं पाणी एका जागी पडतंय.

गडगा पलीकडच्या पाण्याने लोटला. वरचे सिमेंटचे दोन थर घट्ट आणि खाली रचलेला, म्हणून एकदम पोट काढून आला. नव्याने लावताना तळाशी पाणी जायला भोकं ठेवा. नाहीतर पुढच्या जूनमध्ये परत तेच, आणि तेव्हा शिव्या घेणाऱ्याच्या.

कुळागर
कौलं बघितलीत का कुणी? आमच्याकडे दर वर्षी माकडं दहा-वीस फोडतात. गळती सुरू झाली की वासे कुजतात. रिपा आणि वासे खालून टोकरून बघा, वाळवी असेल तर पोकळ आवाज येतो. गिऱ्हाइकाला गडगा दिसतो, छप्पर नाही.

वाळवंटी
छप्पर मे महिन्यात शाकारून घेतलंय. म्हणूनच ते लिहिलं नाही. मला एवढंच सांगा, करून देऊ की कमी करू?

दस्तऐवज
घर कुणाच्या नावावर आहे?

वाळवंटी
वडिलांच्या. ते २०१९ ला गेले. आई आणि बहीण दोघींची हरकत नाही, घरातलं ठरलेलं आहे. मी विचारलं गडग्याबद्दल.

दस्तऐवज
अहो, गडगा चार दिवसांत उभा राहील. मी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नोकरी केली. नुसत्या तोंडी 'हरकत नाही'वर अडलेले व्यवहार रोज समोर बघितले. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे वडिलांच्या घरातला अर्धा हिस्सा आईचा स्वतःचाच, उरलेला अर्धा तुम्हा भावंडांचा. वारसपत्र केलंय का? आणि तुमचं, बहिणीचं लग्न इथे वेगळा करार न करता नोंदवलेलं असेल तर तुमची बायको आणि बहिणीचा नवरा, दोघांच्याही सह्या लागणार. २०१२ च्या वारसा आणि इन्व्हेंटरीच्या (कोर्टातून वाटणीच्या) कायद्यात सगळं आहे. सगळे सज्ञान, सगळे एकत्र विकताय, तर वाटणीसाठी इन्व्हेंटरी दर वेळी लागतेच असं नाही, पण वारसपत्राशिवाय विक्रीखत नाही. रविवारचं सोडा, घेणाऱ्याला आधी हे सांगा.

वाळवंटी
वारसपत्र नाही. बहीण मस्कतला असते, तिचे यजमानही तिथेच.

दस्तऐवज
मग दोघांचं मुखत्यारपत्र. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन करून मूळ प्रत इकडे पाठवायची, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा. मसुदा विक्रीखत करणाऱ्या वकिलाकडूनच घ्या. सर्व्हे नंबर चुकला तर सगळं परत. बहीण अनिवासी असेल तर टीडीएस, म्हणजे घेणारा किमतीतून आधीच कापतो तो कर, तोही वेगळा. तुमच्या आणि आईच्या हिश्श्यावर, किंमत ५० लाख किंवा त्यावर असेल तर, घेणारा १ टक्का कापेल. तिच्या हिश्श्याचा दर जास्त आणि तिथे ५० लाखांची मर्यादा नाही. हे घेणाऱ्याच्या लक्षात नसेल तर ऐन वेळी अडतं.

पर्वरी_२१
दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवा, सगळा खर्च कॅपिटल गेनमधून, म्हणजे विक्रीच्या नफ्यातून, वजा होतो.

दस्तऐवज
सगळा नाही. घरात नवी भर घातली असेल तर तो खर्च धरतात. रंगरंगोटी, डागडुजी नाही. त्यापेक्षा घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून करून घ्या, त्याने खरा फरक पडतो.

मये_तळे
एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांचा) ताजा काढला का? इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचं नाव आहे? आमच्या आतेकडे तिथे मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, नाव निघालं. त्याचं घर कधीच पडलेलं, पण नाव तसंच. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण आहे, घेणारा ते नाव बघूनच मागे फिरला. दोन वर्षं मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या.

वाळवंटी
उतारा काढलाय. इतर हक्कांत काही नाही. एक राहिलं सांगायचं. मागचा शेजारी म्हणतो गडगा त्याचा आहे, आणि परत लावताना दीड हात आमच्या बाजूला घ्या.

चिरेबंदी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! एकही चिरा हलवू नका. पडलेल्या जागेचे फोटो काढा, जुन्या पायाची ओळ दिसतेय तोवर. पाया अजून जागेवर असेल.

दस्तऐवज
सर्व्हेचा नकाशा घेऊन मोजणी मागा. गडगा आहे त्याच ओळीत, त्याच उंचीचा लावणार असलात तरी पंचायतीत अर्ज देऊन ठेवा. शेजाऱ्याने तक्रार केली तर तुमच्या हातात कागद हवा.

कुळागर
शेजाऱ्याचा माड कललेला आहे का गडग्यावर? आमच्याकडे मुळांनीच गडगा उचलला होता. माड तोडायला परवानगी लागते. २०१६ मध्ये माडाला झाडांच्या यादीतून काढलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, २०१७ मध्ये परत घेतला, राज्यवृक्षही केला. माझं ठाम मत आहे की माड वाचवायलाच हवा, पडेल म्हणून तोडणं हा उपाय नाही.

फोंड्याची_शुभा
कुळागर, त्यांनी माडाचं काहीच विचारलेलं नाही हो. माझ्या मते सोपा तरी नीट करा. दुपारी आई तिथे बसत असेल ना? घेणाऱ्यांनाही तिथेच बसवता तुम्ही. खाली तडा दिसला की माणूस सगळ्या घरात तडे शोधतो.

वाळवंटी
आई तिथेच बसते. बसतानाच तिला तडा हाताला लागला, त्यावरून मला कळलं.

काल संध्याकाळी छत्री घेऊन मागे गेलो. चिरे बाजूला सारले नाहीत, नुसतं वाकून बघितलं. जुना पाया सरळ आहे, आणि कोपऱ्यातल्या शेवाळाखाली सर्व्हेचा दगडही सापडला. गडगा आमच्याच हद्दीत, वीतभर आत. फोटो काढलेत. पन्हळीला आज नवे हुक मारले. रात्री जोराचा पाऊस झाला, भिंतीवर धार आली नाही.

साखळीवाल्यांना फोन करून खरं ते सांगितलं. वारसपत्र व्हायचंय, बहिणीचे कागद यायचेत, गडगा मोजणीनंतर जुन्या ओळीत लावून देईन, गिलावा आणि रंग पाऊस संपल्यावर. ते म्हणाले, ऑक्टोबरपर्यंत थांबतो, पण आगाऊ रक्कम आत्ता देणार नाही. ७ लाखांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. बहिणीला आज रात्री फोन करतो.

चिरेबंदी
गवंड्याला सांगा, रंग आणि गिलावा हिशेबातून बाजूला काढून नुसत्या गडग्याचा आकडा वेगळा दे. चार मीटरला किती म्हणतो ते इथे लिहा.

पर्वरी_२१
जुने चिरे विकणार असाल तर मला हवेत. विहिरीच्या काठाला लावायचे आहेत.

वाळवंटी
नाही, तेच परत गडग्याला लागतील.