तुम्ही बसवलेलं जग आणि त्यातले प्राणी (अनुभव धागा)

दांडियाबाजार
पुण्याचे पाहुणे आले होते म्हणून रविवारी बडोद्याच्या कमाटी बागेतलं म्युझियम झालं. ममी बघून ब्लू व्हेलच्या सांगाड्यापाशी आलो. सगळे फोटो काढत होते आणि मला एकदम 'उलटं बडोदं' आठवलं. पाहुण्यांना काय सांगणार, म्हणून इथे लिहिते.

मी आणि माझा आतेभाऊ, शाळेतली मे महिन्याची सुट्टी. दुपारी उन्हात बाहेर सोडायचे नाहीत, तेव्हा आम्ही विश्वामित्री नदीच्या तळाखाली एक शहर बसवलं. गोष्टी त्याच्या, चित्रं माझी. त्याने एका वाक्यात फर्मान काढायचं, मी आठवडाभर निस्तरायचं. पहिलंच फर्मान: तिथे सूर्य नाही, चिखल उजेड देतो. म्हणजे उजेड खालून! हनुवटी आणि नाकपुड्या उजळ, कपाळ अंधारात, सावल्या छताकडे चढणाऱ्या. लाईट गेली की तो हनुवटीखाली टॉर्च धरून बसायचा आणि मी काढायचे. तिथला मुख्य प्राणी वडमगर. जबड्यातून पारंब्या लोंबतात, त्या चिखलात रुजल्या की बिचारा हलू शकत नाही, म्हणून आयुष्यभर चालत राहतो. झोपतही नाही.

वरच्या मजल्यावर फाईन आर्ट्सला (बडोद्याचं चित्रकलेचं कॉलेज) शिकणारा एक दादा भाड्याने राहायचा. त्याने वही बघितली आणि म्हणाला, रेघा पुरे झाल्या, डोळे बारीक करून बघ, किती टोन (गडद-फिक्या छटा) दिसतात? तीन ना? मग तीनच ठेव. अख्खा कागद कोळशाने करडा करायला लावला आणि त्यातून उजेड पुसून काढायला सांगितलं, पावाच्या मऊ गोळ्याने. (आईचा पाव. त्यावरून झालेलं महाभारत वेगळं.) करड्यातून पहिल्यांदा तो जबडा वर आला ना, आतेभाऊ दोन पावलं मागे सरकला होता.

तुम्ही बसवलंय का असं काही? गाव, प्राणी, नकाशा, काहीही. चित्र येत नसेल तर नुसती गोष्ट सांगा.

कुकरच्या_शिट्ट्या
मस्त धागा! आत्ता घाईत आहे, सविस्तर नंतर. आमच्याकडे 'माळ्यावरचा' होता. नंतर लिहिते.

मकरपुरा_मेल
काल्पनिक मगर कशाला? ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खरी होती. वॉचमन काका टेबलावर चढून बसलेले. पारंब्या तेवढ्या नव्हत्या.

दांडियाबाजार
हहपुवा (हसून हसून पुरेवाट) 😂

रावपुऱ्याची
आमच्या रावपुऱ्यातला जुना तांबेकर वाडा. लहानपणी आजोबांचा हात धरून गेले होते. भिंतीभर महाभारत, कृष्ण, मराठे-इंग्रज लढाई, आणि मधल्या मोकळ्या जागांत बारीकसारीक माणसं. मला वाटायचं रात्री वाडा बंद झाला की ही सगळी मंडळी जागा बदलतात. इंग्रज शिपाई गोकुळात दही मागायला जातो, गोपी तोफेवर कपडे वाळत घालतात. पुढे लेकीला हीच गोष्ट रोज रात्री सांगितली, दर वेळी कोण कुठल्या भिंतीवर अडकलं ते ती ठरवायची. चित्र मी एकही काढलेलं नाही. मला साधी वाटी काढता येत नाही.

सहाबी_पेन्सिल
धंद्याने लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतो, त्यामुळे हात शिवशिवतायत. धागाकर्ती, तुमच्या भावाच्या फर्मानात एक गंमत आहे. खऱ्या मगरी, मासे, हरणं बघा. पाठ गडद, पोट फिकट. वरून ऊन पडतं, पाठ उजळते, पोट सावलीत जातं, दोन्ही मिळून जनावर सपाट दिसतं आणि लपतं. उजेड खालून असेल तर लपणाऱ्या प्राण्याचं पोट काळं आणि पाठ फिकट हवी! आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यात उताणा पोहणारा एक मासा खरंच तसा आहे, पाठीपेक्षा पोट गडद. तुमचा वडमगर लपतो की मिरवतो?

मी मुलांना हेच विचारतो. काय खातो, कोणाला घाबरतो, उजेड कुठून येतो. तीन उत्तरं मिळाली की प्राणी निम्मा तयार. शिंगं-पंख नंतर. पंख लावायचे तर खांदा कुठून आणणार, तेही सांगा. वटवाघळाचा पंख म्हणजे हाताची लांब झालेली बोटं आहेत, पाठीवर चिकटवलेली छत्री नव्हे.

आणि टोनचं म्हणाल तर सगळ्यात काळा आणि सगळ्यात पांढरा भाग जिथे शेजारी येतात तिथे डोळा आधी जातो. ती जागा प्राण्याच्या डोळ्याला द्या, शेपटीला देऊन वाया घालवू नका. लांबचं फिकं, जवळचं गडद. केस एकेक काढू नका, उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यातच चार केस दाखवा, बाकी बघणारा स्वतः भरून घेतो. पेन्सिल फार दाबली की चकाकते, खरा काळोख हवा तर कोळसा. झाल्यावर फोनवर फोटो काढून डोळे मिचकावत बघा.

शंका_काढतो
बडोद्याच्या कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बसूंचं 'गंगावतरण' हे भित्तिचित्र आहे, १९३९ चं. तिथे कुठे आहेत तुमचे गडद-फिके टोन? सगळं रेषेवर उभं आहे. सावली नसली तर जग खरं वाटत नाही, हे मला पटत नाही.

सहाबी_पेन्सिल
असं मी म्हटलंय कुठे? पण मुद्दा बरोबर. तिथे रेषेलाच वजन आहे. धाग्याचा विषय प्राणी घाबरवतो कसा असा असेल तर मी काळोखाच्या बाजूने.

शंका_काढतो
गंगा घाबरवत नाही, मान्य.

सराफ्यातला_इंदुरी
बडोदेकरांनो, बेंद्रे आमचे बरं का! चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे, जन्म इंदूरचा, १९१०. चित्रकलेचे पहिले धडे इथेच, देवळालीकर मास्तरांकडे. १९५० ला तुमच्याकडे फाईन आर्ट्स सुरू झालं तेव्हा शिकवायला तिकडे आले. आम्ही नुसती जिलबी देत नाही, चित्रकारही देतो.

दांडियाबाजार
घेतले, आभारी आहोत 😄 जिलबी पण पाठवा.

सहाबी_पेन्सिल
फाईन आर्ट्सवरून आठवलं. तिथे विद्यार्थी-शिक्षक मिळून मेळा भरवायचे. के. जी. सुब्रमण्यन त्यासाठी लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी करायचे, मुलांसाठी पुस्तकंही. एवढा मोठा चित्रकार आणि माकड-मांजर-वाघ करायला लाजला नाही. आमच्याकडे अजून विचारतात, "कार्टून काढता होय? आणि नोकरी?"

बाबा_२.०
आमचे चिरंजीव, वय सहा. प्राण्याचं नाव 'फटूक'. सहा पाय, एक कान, ढगात राहतो. मी हौसेने शेडिंग वगैरे करून दिलं. म्हणतो, छान आहे, पण याची आई कुठे आहे? मग आई काढली. मग आजी. मग आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन. सहा पाय म्हणजे सहा गुडघे, डॉक्टर एकच, म्हणून ढगात रांग. आता रोज जेवताना रांगेत आज कोण उभं आहे ते सांगावं लागतं, नाहीतर घास जात नाही. ऑफिसच्या कॉलवर असताना मागून ओरडतो, "बाबा, फटूकच्या आजीचा नंबर आला का?" साहेबांनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का?

कुकरच्या_शिट्ट्या
फटूकची आजी 😂😂 आमच्या सासूबाईंचा एकच गुडघा झाला तर तीन महिने घर डोक्यावर घेतलं होतं.

मकरपुरा_मेल
डावा की उजवा? आईचा करायचाय, विपू (खाजगी निरोप) करतो.

निळी_वही
माझ्या तीन वह्या होत्या. बेटांचं जग, प्रत्येक बेटाचा नकाशा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, तिथली नाणी. एक पक्षी होता जो फक्त दुसऱ्याच्या सावलीत अंडी घालतो, म्हणून कायम कुणाच्या तरी मागे मागे उडायचा. लग्नानंतर माहेरी दिवाळीची साफसफाई निघाली, रद्दीत गेल्या. कुणाला दोष नाही, वरून जुन्या गणिताच्या वह्याच दिसायच्या. पण बाजारात रद्दीवाल्याची गाडी दिसली की मान आपोआप वळते.

रावपुऱ्याची
अगं 😔 तो पक्षी पुन्हा काढ ना.

दांडियाबाजार
निळी_वही, सावलीत अंडी घालणारा पक्षी उलट्या बडोद्यात आला तर? तिथे सावल्या वर पडतात. अंडी छताला चिकटवावी लागतील. भावाला आत्ताच फोनवर सांगितलं, तो म्हणतो परवानगी आहे, पण घरपट्टी भरावी लागेल.

निळी_वही
हो म्हणा त्यांना. काढते. कोळसा कुठला घेऊ? इस्त्रीवाल्याचा चालेल?

सहाबी_पेन्सिल
नको नको, कागद ओरखडेल. चित्रांच्या सामानाच्या दुकानात वेलीच्या कोळशाच्या काड्या मिळतात, मऊ असतात. कागद खरबरीत घ्या, गुळगुळीतवर कोळसा धरत नाही. झालं की फिक्सेटिव्हचा (कोळसा कागदावर धरून ठेवणारं द्रव्य) फवारा, गॅलरीत उभं राहून मारा, घरात नको.

कुकरच्या_शिट्ट्या
आले. तर 'माळ्यावरचा'. दिसत नाही, फक्त त्याच्या वजनाने फळी करकरते. लोणच्याच्या बरण्या मोजून ठेवतो, कमी भरली की रात्री खोकतो. आज्जीने बनवलेला, आम्ही कैऱ्यांना हात लावू नये म्हणून. मोठी झाल्यावर मी त्याचं चित्र काढायचा प्रयत्न केला, नुसता काळा चौकोन आणि कोपऱ्यात बरणीच्या काचेवर एक पांढरा ठिपका. आज्जीला दाखवलं. म्हणाली, हो, असाच आहे, पण अंगाने बराच उतरलेला दिसतो गं.

बाबा_२.०
आज्जी ग्रेट. चिरंजीवांना वाचून दाखवलं, आता किचनमध्ये एकटे जात नाहीत. धन्यवाद 🙏

सराफ्यातला_इंदुरी
पुढच्या महिन्यात बडोद्याला येतोय, भाचीचं लग्न. व्हेल बघायची तर म्युझियमला सुट्टी कधी असते? आणि सेव-उसळ सकाळी की संध्याकाळी?

मकरपुरा_मेल
सेव-उसळ कधीही. तिखट रस्सा वेगळा मागा. आणि परत जाताना इथला लीलो (ओलसर) चिवडा घेऊन जा.

सराफ्यातला_इंदुरी
इंदूरला चिवडा न्यायचा? घरचे ठेवतील का मला 😄

दांडियाबाजार
म्युझियमला निघण्याआधी फोन करून विचारा. व्हेल सुमारे २२ मीटर आहे, एका फोटोत मावत नाही, भाचीच्या फोटोग्राफरला सोबत घ्या.