अनुभव धागा: पुढचे शॉकअप घरच्या घरी बदलताना

हा धागा एकाच कामासाठी आहे: मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि त्याभोवती स्प्रिंग अशी एकच उभी जोडणी) असलेल्या घरच्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप स्वतः बदलणे. वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो, आय-१०, टियागो अशा बहुतेक लहान गाड्यांना पुढे हीच रचना असते. जुनी इनोव्हा, क्रिस्टा, स्कॉर्पिओ यांना पुढे डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं) आहे, त्यांचं काम वेगळं, इथे नको. ज्यांनी स्वतः पाना धरलाय त्यांनी नेमकं लिहावं: कोणतं सामान, कुठे अडतं, का अडतं.

स्विफ्ट, पुणे

आधी दोष शॉकअपचाच आहे याची खात्री करा. नळीवर ओलसर थर आणि त्यावर धूळ एवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही. तेलाचे ओघळ खाली उतरले असतील तर सील गेलं. टायरवर तळहात फिरवा. उंचसखल चट्टे हाताला लागले तर शॉकअपवर संशय घ्यायला जागा आहे, कारण चाक रस्त्याला धरून राहत नाही. ब्रेक मारताना नाक जास्त खाली जातं, गतिरोधक ओलांडल्यावर गाडी हेलकावत राहते, हीसुद्धा लक्षणं.

बारीक खडबडीत रस्त्यावरची टकटक मात्र बहुतेक वेळा लिंक रॉडची असते (गाडीच्या कलण्याला आवर घालणारा अँटीरोल बार स्ट्रटला जोडणारा छोटा दांडा). उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टण्ण वाजलं तर वरचं बेअरिंग अडकतंय, स्प्रिंग पीळ खाऊन सुटतेय. लिंक रॉड स्वस्तात येतो, त्याच्यापायी स्ट्रट बदलू नका.

वॅगन आर, नाशिक

सामान एकदमच आणा: स्ट्रट डावा आणि उजवा (ब्रॅकेट वेगळे असतात, दुकानातच ताडून घ्या), दोन माउंट (स्ट्रट वर बॉडीला धरणारे रबरी तुकडे), दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप (दांड्यावरची आपटरोधक गादी), दोन डस्ट बूट (दांड्यावरचं धूळरोधक आवरण), दांड्याच्या टोकाचे मधले लॉक नट नवे. एकाच बाजूचा बदलू नये, ब्रेक मारताना दोन बाजू वेगळ्या वागतात.

माउंट आणि बेअरिंगवर पैसे वाचवण्यात अर्थ नाही. ती बदलायची तर पुन्हा स्प्रिंग दाबावी लागते, म्हणजे अख्खं काम पुन्हा. जुना बंप स्टॉप हातात घेतला की त्याचा बऱ्याचदा भुगा होतो. तो नसेल तर मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. फाटक्या बूटमधून धूळ दांड्यावर बसते आणि दांडा वरखाली होताना सील कापते. नवा शॉकअप लवकर गळला तर जुनाच बूट परत चढवला होता का, ते आधी बघा.

बाजारात ‘रिपेअर केलेले’ स्ट्रट मिळतात. जुनी नळी कापून, तेल भरून, वेल्ड करून वर काळा रंग. रंगाखाली ताज्या वेल्डची वळी दिसली तर परत करा.

आय-१०, ठाणे

सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक तिरका होतो. खाली १८ मिमी प्लायचा तुकडा टाका. हँडब्रेक, गिअर आणि मागच्या चाकांना लाकडी ओंडके. वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक गाडीखाली लावू नका, भाराने एकदम फुटतो. दोन घोड्या (जॅक स्टँड) सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पट्टीच्या, मजबूत जागी लावा आणि दोन्ही पुढची चाकं एकदम उचला. एकच बाजू उचलली की अँटीरोल बार पिळला जातो आणि लिंक रॉडचा बोल्ट निघता निघत नाही. लोक हातोडा घेतात, पण दोष पिळाचा असतो.

चाकाच्या नटाला मारुतीत १९ चा सॉकेट, ह्युंदाईत २१ चा. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून ठेवा.

स्विफ्ट, पुणे

काढण्याचा क्रम: ब्रेक होसची क्लिप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. लिंक रॉडचा नट सोडताना मधला बॉल फिरायला लागला तर टोकाच्या खाचेत एलन की धरा. मग नकलचे (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) दोन मोठे बोल्ट, बहुतेक १७ किंवा १९ चे. सोडण्याआधी स्ट्रट आणि नकल यांच्या जोडावर रंगाची रेघ मारा, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) जवळपास जागेवर बसवायला ती उपयोगी पडते. बोल्टच्या डोक्याखाली दाते असतील तर डोकं पान्याने नुसतं धरा आणि फक्त नट फिरवा. डोकं फिरवलं की दाते घासून भोक मोठं होतं.

दुसरा बोल्ट निघताच नकल बाहेर कलंडते. ती तारेने बांधून ठेवा. मोकळी सोडली तर ब्रेक होस ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) आतला जॉइंट खेचला जाऊन निसटू शकतो. वरचे नट सर्वांत शेवटी, स्ट्रट एका हाताने धरून. काही गाड्यांत वर दोन-तीन नट असतात, काहींत वायपरखालचं प्लॅस्टिक काढल्यावर मोठा नट दिसतो. तो काढण्याआधी मॅन्युअलमधलं चित्र पाहा.

वॅगन आर, रत्नागिरी

कोकणात खाऱ्या हवेने नकलचे बोल्ट धरून बसतात. आदल्या रात्री आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. लांब दांड्याने सावकाश जोर लावा. धक्के दिले की बोल्ट तुटतो. दोन नवे बोल्ट-नट आधीच आणून ठेवा, मूळच्याच ग्रेडचे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालणार नाही.

आय-१०, ठाणे

स्प्रिंग दाबणं ही या कामातली खरी धोक्याची जागा. स्प्रिंग दाबल्याशिवाय मधला नट कधीच पूर्ण काढायचा नाही. सगळी ताकद त्या एका नटावर थोपलेली असते. सुटला तर माउंट थेट तोंडावर.

दोन हुकांचा कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबायचं साधन) असेल तर दोन्ही दांडे समोरासमोर लावा आणि हुकात जास्तीत जास्त वेटोळी घ्या. आळीपाळीने थोडे थोडे आटे फिरवा. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते आणि हूक सरकतो. वेटोळ्यांवर ग्रीस नको. स्प्रिंग हाताने जागेवर गोल फिरायला लागली की पुरे झालं, त्याहून जास्त दाबू नका. स्ट्रटच्या टोकाच्या रेषेत तोंड ठेवू नका.

नट काढताना दांडा फिरतो. तो वरच्या टोकाला एलन कीने धरा. पक्कडीने दांड्याचा चकचकीत भाग पकडला तर त्यावर ओरखडा येतो, आणि तोच ओरखडा नवं सील फाडतो. इम्पॅक्ट गनही नवीन दांड्यावर नको.

मनात जराही धाकधूक असेल तर स्ट्रट काढून सस्पेन्शनचं काम करणाऱ्या गॅरेजात न्या. तिथे पक्का बसवलेला कॉम्प्रेसर असतो, थोड्या पैशांत स्प्रिंग नव्या स्ट्रटवर चढवून देतात. बाकीचं काम घरीच होतं.

टोयोटा कोरोला, टोरँटो

इकडे स्प्रिंग, माउंट आणि बेअरिंगसकट जोडलेला पूर्ण स्ट्रट मिळतो, त्यामुळे दाबण्याचा भागच उरत नाही. तुमच्याकडे तसा मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त स्प्रिंग मूळ गाडीच्याच मापाची आहे ना ते पाहा, नाहीतर नाक वर उठतं.

फोर्ड इकोस्पोर्ट, कोल्हापूर

इथे दोन बोल्टांचं ब्रॅकेट नाही. स्ट्रटची नळी नकलच्या कॉलरमध्ये शिरते आणि एक बोल्ट ती आवळतो. फट उघडायला त्यासाठीचा स्प्रेडर वापरा. छिन्नी ठोकली तर कॉलरला तडा जाऊ शकतो.

वॅगन आर, नाशिक

जोडणी. नवा ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप आडवा पडून आलेला असतो. तो उभा धरून हाताने चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा, आत शिरलेली हवा वर जाते. सुरुवातीला पोकळ लागतो, मग दाब सारखा होतो. स्प्रिंगचं खालचं टोक ती ज्यावर बसते त्या ताटलीतल्या पायरीला भिडलं पाहिजे. थोडं वर चढलं तरी स्टिअरिंग फिरवताना आवाज येतो. माउंटवर बाण असेल तर त्याची दिशा पाहा.

वरचे नट आधी हाताने चार आटे. मग लोअर आर्मखाली (नकलला खालून धरणारा आर्म) जॅक लावून नकल उचला, बोल्ट सहज सरकतात. नकलच्या बोल्टांचं टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधूनच घ्या. तुमच्याच गाडीचा आकडा हवा. आटे कोरडे ठेवा, तेल लागलेल्या आट्यावर तोच आकडा बोल्ट जास्त ताणतो.

टियागो, नागपूर

एक प्रश्न नेहमी येतो: सगळे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवूनच आवळायचे का? रबर बुश असलेले बोल्ट, म्हणजे लोअर आर्मचे, सैल केले असतील तर हो. लटकत्या चाकावर आवळले की बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नकलच्या दोन बोल्टांना बुश नाही, ते वरच आवळले तरी चालतं.

स्विफ्ट, पुणे

चाक लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा आणि ब्रेक होस, एबीएस वायर कुठे घासत नाहीत ना ते डोळ्याने पाहा. मग अलाइनमेंट. टाय रॉडला (स्टिअरिंगपासून चाकाला जाणारा दांडा) हात लावला नसला तरी कॅम्बर थोडा हलला की टो (वरून पाहता चाकांची आत-बाहेर दिशा) बदलतो, आणि टायर एका कडेने झिजायला लागतात. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि माउंटचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.