कळसूबाई पावसात केलेल्याला माउंट वॉशिंग्टन जमेल का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मुलगा बॉस्टनला असतो. सप्टेंबरच्या मध्यावर मी त्याच्याकडे जाणार आहे आणि त्याने न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनचा बेत आखलाय. माझं वय ५६, राहायला इंदिरानगर. रोज पहाटे पांडवलेणी चढते-उतरते. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज नेहमीचेच. साल्हेर झालाय, कळसूबाई तर भर पावसात, शिड्यांवरून पाणी वाहत असताना केलंय. गुडघे अजून तक्रार करत नाहीत.

उंची पाहिली तर ६२८८ फूट. आपली कळसूबाई ५४००. फरक हजार फुटांचाही नाही. पण मुलगा फोनवर सारखं हवामान, हवामान करतोय. सप्टेंबरमध्येसुद्धा वर बर्फ पडू शकतो म्हणतो. एवढ्याशा उंचीवर?

कपडे नाशिकहूनच काय आणू तेही सांगा. आणि वरपर्यंत रेल्वे जाते असं वाचलं. दमले तर तिने खाली येता येईल ना?

सातपूरचा_वाटसरू

ताई, पाय तुमचे तयार आहेत, त्याची चिंता नको. चिंता उंचीच्या हिशोबाची आहे, कारण इथून जाणारे आपण सगळे तोच हिशोब करतो.

मी काही वर्षं कामानिमित्त त्या भागात होतो. या डोंगरावर मी चांगल्या दिवशी माथ्यावर गेलोय आणि वाईट दिवशी अर्ध्यातून परतलोय. दोन्ही वेळा महिना सप्टेंबरच होता.

आधी चढाईचं बोलू. बारी गावातून कळसूबाईला साधारण तीन हजार फूट चढावं लागतं. तिथे पूर्वेच्या पायथ्याला असलेल्या पिंकहॅम नॉचहून टकरमन रॅव्हीन या दरीच्या वाटेने जवळपास सव्वाचार हजार फूट, अंतर एका बाजूने पावणेसात किलोमीटर. म्हणजे कळसूबाई चढून पुन्हा तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. तुम्हाला हे जमेल.

आता वारा. ही रांग दक्षिणोत्तर आहे आणि त्या भागातला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे तो आडवा धडकतो आणि माथ्यावरून जाताना दाबला जाऊन आणखी वेग घेतो. त्यात वादळांचे कितीतरी मार्ग याच भागावरून जातात. १२ एप्रिल १९३४ ला माथ्यावरच्या वेधशाळेत ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर चक्रीवादळात त्याहून मोठा नोंदला जाईपर्यंत जगातला विक्रम तोच होता.

विक्रम बाजूला ठेवा, रोजचं बघा. जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना? अलिबागजवळ ते किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता. तशा किंवा त्याहून जोराच्या वाऱ्याचे वर्षाला शंभराच्या वर दिवस या माथ्यावर असतात. बहुतेक हिवाळ्यात, पण सप्टेंबरपासून ते सुरू होतात. वर्षाचा निम्म्याहून जास्त काळ माथा धुक्यात असतो. आणि मुलगा बरोबर सांगतोय, तिथे बारा महिन्यांपैकी प्रत्येक महिन्यात कधी ना कधी बर्फ पडल्याची नोंद आहे. माथ्यावर आजवरचं सर्वांत जास्त तापमान २२ अंश. आपल्याकडे तेवढं असलं की लोक स्वेटर काढतात.

कळसूबाईच्या पावसात आणि तिथल्या पावसात मला फरक जाणवला तो असा. आपला पाऊस अंगावर घेत माणूस दिवसभर चालतो. भिजतो, कुडकुडतो, पण वाटेत टपरीवर चहा मिळतो आणि खाली आलं की ऊब असते. तिथे साडेचार हजार फुटांच्या आसपास झाडं संपतात. आधी ती कमरेएवढी होतात, मग गुडघ्याएवढी, मग नुसते दगड आणि शेवाळ. तोवर वारा आहे हे कळतही नाही, कारण झाडांनी अडवलेला असतो. मी परतलो त्या दिवशी लायन हेडच्या वाटेवर (टकरमनच्या बाजूने वर जाणारी दुसरी वाट) झाडांबाहेर पाऊल टाकलं आणि जॅकेटची बाही अंगावर इतकी फडफडायला लागली की बरोबरच्या मित्राचं ओरडणं ऐकू येईना. हातमोजे भिजलेले. कोरडी जोडी सॅकमध्ये होती, पण सॅकची चेन बोटांना धरवेना. शेवटी मित्राने ती दाताने ओढून उघडली. तापमान शून्याच्या वरच होतं, बर्फाचा कणही नव्हता. तिथूनच वळलो. खाली वाहनतळावर लोक टी-शर्टवर फिरत होते.

झाडं संपतात तिथे पाटी लावलेली आहे: पुढे देशातलं सर्वांत वाईट हवामान आहे, उन्हाळ्यातही इथे माणसं गारठून मेली आहेत, हवा खराब असेल तर आत्ताच माघारी फिरा. १८४९ पासून या डोंगररांगेत दीडशेच्या वर माणसं दगावली. त्यातली एक लिझी बोर्न, वय २३. सप्टेंबर १८५५ मध्ये काका आणि चुलत बहिणीबरोबर दुपारी उशिरा निघाली. वारा-धुक्यात अडकून रात्री गेली. सकाळी उजाडल्यावर दिसलं की माथ्यावरचं घर अगदी जवळ होतं. तिथे तिचं स्मारक आहे. मी त्यापुढे बराच वेळ उभा होतो.

रेल्वेचं: १८६९ पासून चालते, पण ती पश्चिमेकडच्या बाजूला उतरते आणि तुमची गाडी पूर्वेला उभी असेल. शिवाय वरून परतीची जागा मिळेलच असं नाही. तिच्या भरवशावर चढू नका.

देवळालीकर

वाटसरूदादा, ताईंना उगाच घाबरवताय असं वाटतं. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, लखलखीत ऊन. माथ्यावर लहान मुलं, म्हातारी माणसं, कॅफेटेरियात रांग. अपघात बहुतेक हिवाळ्यात होतात.

सातपूरचा_वाटसरू

ऑगस्टमध्ये ऊन असेल तर तो डोंगर फार सुंदर आहे, दादा, आणि ताईंनी जावंच असं माझं मत आहे. पण ती वरची गर्दी बहुतेक मोटाररस्त्याने किंवा रेल्वेने आलेली असते, दहा मिनिटांत गाडीत बसू शकते. चालत आलेल्याला झाडांखाली पोचायलाच तासावर तास लागतो. हिवाळ्यात धोका जास्त असतो हे खरं, पण उन्हाळ्यात दगावलेलेही त्या यादीत आहेत.

रानजाई

ताई, मी नर्स आहे, नाशिकरोडला. गारठ्याने माणूस जायला शून्याखाली तापमान लागत नाही. पाच-सात अंश, पाऊस आणि वारा एवढं पुरतं. बरोबरचा माणूस अडखळायला लागला, शब्द जड झाले, जॅकेटचं बटण लावता येईना किंवा "मला काही होत नाही" म्हणून हट्ट करू लागला, तर तेव्हाच ओले कपडे बदला, गोड खायला द्या आणि खाली न्या. थरथर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, ती फार वाईट खूण आहे.

कपडे: सुती काहीही नको. कुर्ता नको, जीन्स नको, सुती बनियनसुद्धा नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं आतलं, वर फ्लीस, त्यावर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट आणि पँट. पोंचो इथेच ठेवा, त्या वाऱ्यात तो तोंडावर येईल. आपली लोकरीची कानटोपी चालेल. हातमोज्यांच्या दोन जोड्या, दुसरी पिशवीत गुंडाळून, सॅकच्या वरच्या कप्प्यात. राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की न्या. थंडीत कडक झालेले एनर्जी बार चावत नाहीत.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. निसर्ग वादळाच्या रात्री आमच्या सोसायटीतलं गुलमोहराचं झाड पडलं होतं, त्यामुळे वाऱ्याचं लगेच समजलं. मुलाला रात्रीच फोन केला. त्याने एकच शनिवार धरला होता. आता रजा वाढवून तीन दिवस मोकळे ठेवतोय, त्यातला जो बरा असेल तो. तो दिवस बरा आहे हे ठरवायचं कसं, तेवढं सांगा.

सातपूरचा_वाटसरू

हे उत्तम केलंत. मोबाइलवरचा गावाचा अंदाज बघू नका, तो खालच्या दरीचा असतो. माथ्यावरच्या वेधशाळेत माणसं चोवीस तास राहतात आणि उंच शिखरांचा वेगळा अंदाज रोज देतात. तो आदल्या रात्री आणि निघायच्या सकाळी, दोन्ही वेळा वाचा. माझा स्वतःचा नियम: वारा ताशी ६५ किलोमीटरच्या वर सांगितला असेल किंवा गडगडाटाची शक्यता असेल तर झाडांच्या वर जायचं नाही. त्या दिवशी टकरमनच्या वाटेवरच्या हर्मिट लेक या तळ्यापर्यंत जा, वाट छान आहे आणि समोर टकरमनची अख्खी दरी दिसते.

पहाटे उजाडायच्या आत चालायला लागा. चढताना लायन हेडची वाट घ्या आणि उतरतानाही तीच, कारण टकरमनची भिंत ओली असली की उतरायला वाईट. दुपारी एकला जिथे असाल तिथून परत, माथा दिसत असला तरी. ही वेळ मुलाशी आधीच बोलून ठेवा, वर गेल्यावर कुणाला ठरवावंसं वाटत नाही. आणि न्यू हॅम्पशायरचं हाइकसेफ कार्ड मिळतं, ते त्याला ऑनलाइन काढायला सांगा. सुटकेसाठी पथक बोलवावं लागलं तर, मुद्दाम किंवा बेदरकारपणे काही केलेलं नसेल तर, खर्चाचा प्रश्न येत नाही, आणि ते पैसे तिथल्या बचाव पथकांच्या कामी येतात.